दोन लाखांत पीओपी करू की घर नीट करू?

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात परत लिहितो म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही कळेल. पुण्यात ३० वर्षं जुन्या सोसायटीत सगळ्यात वरच्या मजल्यावर टूबीएचके, घरात तुम्ही दोघं, एक मुलगा आणि सासूबाई. उन्हाळ्यात रात्री झोप लागत नाही, एप्रिलचं बिल ३२० युनिटचं आलं, बाथरूमच्या बाहेरच्या भिंतीला ओल आहे आणि खालचे जोशी-कुलकर्णी जे कोण असतील ते त्यांच्या छताला डाग पडलाय म्हणून रोज जिन्यात गाठतात. दोन लाख बाजूला ठेवलेत. मिस्टरांना हॉलमध्ये पीओपीचं फॉल्स सीलिंग आणि मॉड्युलर किचन हवंय, तुम्हाला एसी हवाय, आणि आधी काय करावं हे विचारताय.

मी २२ वर्षं हेच काम करतोय, आधी वायरमन म्हणून लागलो, मग प्लंबिंग शिकलो, आता घरदुरुस्तीची छोटी कामं घेतो. माझं म्हणणं सरळ आहे, पैसा आधी जिथे दिसत नाही तिथे घाला. आधी पाणी, मग ऊन, मग वीज, आणि उरलं तर शोभा. उलटं केलं की काय होतं ते सांगतो, कारण मी स्वतःच्याच घरात केलंय. बेडरूमच्या भिंतीला लोणा लागला होता, रंग पापुद्र्यासारखा सुटायचा, मी दर दिवाळीला खरवडायचो, पुट्टी मारायचो, रंग द्यायचो. तीन दिवाळ्या. बायको म्हणायची लोकांच्या घरातलं बरं दिसतं तुम्हाला. चौथ्या वर्षी गिलावा फोडला तर आत शॉवरच्या जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) पाइपचा एल्बो, म्हणजे वळणाचा तुकडा, गंजून टाचणीएवढं भोक पडलेलं, त्यातून सतत झिरपत होतं. एल्बो आणि फूटभर पाइप बदलायला अर्धा दिवस लागला. तीन वर्षांच्या रंगाचा खर्च आठवला की अजून पोटात दुखतं.

म्हणून तुमची ओल कुठली आहे ते आधी ओळखा, गवंड्याला बोलवायच्या आधी. ओल बारा महिने चोवीस तास सारखीच असेल, तुम्ही आठ दिवस गावाला जाऊन आलात तरी तशीच, तर ती पाण्याच्या लाइनची, कारण टाकीचं प्रेशर पाइपात कायम असतं. आंघोळी झाल्यावर वाढते आणि दुपारनंतर कमी होते तर फरशीचे जॉइंट किंवा न्हाणी ट्रॅप, म्हणजे बाथरूमचं पाणी जिथून खाली जातं ते जाळीखालचं भांडं. फक्त पावसाळ्यात येते तर बाहेरची भिंत किंवा गच्ची. निम्मे लोक हे न बघताच सगळं बाथरूम फोडतात, ७०–८० हजार घालवतात आणि ओल मात्र तिथेच असते.

खालच्यांच्या डागासाठी एक टेस्ट करा. रात्री झोपताना न्हाणी ट्रॅपमध्ये प्लास्टिकच्या पिशवीत ओलं फडकं गुंडाळून घट्ट बसवा, बाथरूममध्ये इंचभर पाणी भरा, उंबऱ्याला पेन्सिलने रेघ मारा, जमलं तर पाण्यात खायचा लाल रंग टाका. सकाळी पाणी रेघेखाली गेलं असेल किंवा खाली लाल थेंब आला तर फरशीचा जॉइंट. पाणी जागच्या जागी आणि खालीही काही नाही, पण फडकं काढून पाणी सोडल्यावर डाग ओला झाला, तर ट्रॅपच्या आसपासचा भाग किंवा खालची ड्रेनेज लाइन. जुन्या बिल्डिंगमध्ये माझ्या अनुभवात दहापैकी सहा-सात वेळा भानगड ट्रॅपच्या गळ्याशीच असते, जिथे फरशी आणि ट्रॅप भेटतात तिथलं सिमेंट सुटलेलं असतं. ते तेवढंच दीड फूट फोडून नीट वॉटरप्रूफिंग करून परत बसवता येतं. आणि नुसते फरशीचे जॉइंट असतील तर जुनं पांढरं सिमेंट खरवडून काढा आणि इपॉक्सी ग्राउट (फटी भरायचा पक्का मसाला) भरा, वरून पांढरं सिमेंट थापू नका, ते सहा महिन्यांत निघतं. इपॉक्सी महाग वाटतं पण फोडाफोडीच्या मानाने काहीच नाही.

लाइन जीआयची निघाली आणि बिल्डिंग ३० वर्षांची आहे तर जिथे फुटलंय तेवढंच जोडत बसू नका, बाथरूमची पूर्ण लाइन सीपीव्हीसीत, म्हणजे न गंजणाऱ्या प्लास्टिक पाइपात, करून घ्या. आज एक एल्बो गेला, पुढच्या वर्षी दुसरा जाणार, सगळे एकाच वयाचे आहेत.

पाण्याचं अजून थोडं. गळका नळ ऐकून ऐकून आपल्याला ऐकूच येईनासा होतो. रात्री १० ला त्याच्याखाली बादली ठेवा आणि सकाळी ६ ला बघा. सेकंदाला एक थेंब म्हणजे सात लिटरच्या आसपास भरतं, जवळजवळ अर्धी बादली, तीसुद्धा फक्त रात्रीची. वॉशर किंवा आतला स्पिंडल बदलला की थांबतं. फ्लशच्या टाकीत खायचा रंग टाका आणि अर्धा तास फ्लश करू नका, कमोडमध्ये रंग उतरला तर आतला व्हॉल्व्ह गळतोय, हे गळणं आवाजही करत नाही आणि दिसतही नाही. सिंक आणि बेसिनला एरेटर लावा, शंभर-दीडशे रुपयांची जाळी असते, भांडी घासताना पाणी निम्म्याने कमी जातं आणि अंगावर उडत नाही हा बोनस. तुमच्याकडे उन्हाळ्यात टँकर येत असणारच, त्याचे पैसे मेंटेनन्समधून कोण देतं, तुम्हीच.

आता ऊन. हा तुमचा खरा आजार आहे आणि एसी हे त्याचं औषध नाही. रात्री ९ ला स्टुलावर चढून बेडरूमच्या छताला तळहात लावून बघा. कोमट तव्यासारखं लागेल. पाच इंची काँक्रीटचा स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्री सगळं खाली तुमच्या अंगावर सोडतो, आणि पंखा काय करतो, तर छताला चिकटलेली तीच गरम हवा खाली ढकलतो. म्हणून वरच्या मजल्यावरचे लोक म्हणतात पंखा गरम हवा फेकतो. या खोलीत एसी लावला तर तो रात्रभर त्या स्लॅबशी कुस्ती खेळणार आणि बिल तुम्ही भरणार.

उपाय गच्चीवर आहे. सगळ्यात स्वस्त म्हणजे चुना. चांगला विरलेला चुना, गाळून, त्यात फेविकॉल मिसळून गच्ची झाडून-धुऊन दोन हात मारायचे, होळीच्या आसपास. हातात मोजे घाला आणि डोळे सांभाळा, चुना कातडी जाळतो. खर्च हजार-दोन हजार. पावसाळ्यात धुपून जातो, म्हणजे दरवर्षी करावा लागतो, पण फरक पहिल्याच रात्री कळतो. दुसरा पर्याय उष्णता परावर्तित करणारा पांढरा रंग, ब्रश किंवा रोलरने दोन हात, महाग पडतो पण तीन-चार वर्षं टिकतो, अट एकच, महिन्यातून एकदा झाडून घ्यायचा. कबुतरं आणि धूळ यांनी तो करडा झाला की त्याचं काम संपलं. (आणि हो, आधीच सांगून ठेवतो, चुना मारल्यावर पापड-कुरडया घालणाऱ्या सगळ्या काकू तुमच्या नावाने बोटं मोडतील, त्यांना जाड ताडपत्री द्या.)

पण गच्ची पावसात गळतही असेल तर रंगाने काही होणार नाही. तिथे जुना कोबा काढून ब्रिकबॅट कोबा (विटांच्या तुकड्यांचा आणि सिमेंटचा थर) नव्याने करायला लागतो, वर पांढरा चायना मोझॅक (टाइलचे तुकडे) बसवला तर पाणी आणि ऊन दोन्हीचं काम एकदम होतं. यात दोन गोष्टी बघा, ढाळ दहा फुटाला सव्वा इंच तरी हवा, आणि गच्ची कठड्याला मिळते तिथला वाटा, म्हणजे कोपऱ्यातला सिमेंटचा भराव, गोल आणि भक्कम हवा, नव्वद टक्के गळती त्या कोपऱ्यात सुरू होते असं म्हटलं तरी चालेल. काम फेब्रुवारी-मार्चमध्ये उरका. काम झाल्यावर आळी (छोटे बांध) करून आठवडाभर पाणी धरून ठेवायचं, त्यात क्युअरिंगही होतं आणि गळतंय का हेही कळतं. मेच्या शेवटी घाईघाईत केलेला कोबा मी दुसऱ्यांदा काढलेला आहे, कोणाचा ते सांगत नाही.

आणि हा खर्च तुमच्या दोन लाखांतून करू नका! गच्ची सोसायटीची आहे. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे पावसाच्या पाण्याची गळती आणि बाहेरच्या सामायिक पाइपांची दुरुस्ती सोसायटीच्या खर्चाने व्हायला हवी, घरातल्या बाथरूमची गळती मात्र सभासदाची. म्हणजे खालच्यांचा डाग तुमच्या खिशातून आणि तुमची गच्ची सोसायटीच्या. लेखी अर्ज द्या, फोटो लावा, पोच घ्या. तोंडी सांगितलेलं कमिटीत कोणालाच आठवत नाही.

कमिटी चुन्यालाही नाही म्हणाली, असे महाभाग असतात, तर मग मिस्टरांच्या पीओपीचा विचार करा, पण हॉलमध्ये नाही, बेडरूममध्ये. स्लॅब आणि पीओपीच्या मधली हवेची पोकळी, त्यात ग्लासवूल (काचतंतूंची गादी) टाकली तर अजून चांगलं, उष्णता अडवते. वर पांढरं करण्याइतका फरक पडत नाही, कारण स्लॅब तापतोच, पण पडतो. हॉलमध्ये नुसती डिझाइन काढून त्यात १६ डाउनलाइट बसवायचे म्हणजे घराची उंची पण गेली आणि बिल पण वाढलं.

पश्चिमेची खिडकी असेल तर पडदा आत लावून उपयोग कमी, ऊन काचेतून आत आलं की आलंच. बाहेरून बांबूची चिक किंवा हिरवी जाळी लावा. माझे विदर्भातले पाहुणे वाळ्याच्या ताट्या आणि कूलरवर उन्हाळा काढतात, पुण्यात मार्च ते मेच्या कोरड्या हवेत कूलर बरा चालतो, मुंबई-कोकणात मात्र घेऊ नका, तिथे हवा आधीच दमट, नुसती चिकचिक होते. स्लॅबचं काम करून एक उन्हाळा काढा आणि मग ठरवा एसी हवाय का. हवाच असला तर दीड टनाऐवजी एका टनात भागेल कदाचित, आणि २६ वर ठेवून पंखा लावला तरी गारवा पुरतो.

आता वीज, माझा आवडता विषय. आधी पैसे न लागणारी गोष्ट. रात्री घरातलं सगळं बंद करा, फ्रिजचा प्लगसुद्धा काढा, आणि खाली मीटरजवळ जा. मीटरवर एक लाल बत्ती लुकलुकते आणि बाजूला लिहिलेलं असतं किती लुकलुकींना एक युनिट, बऱ्याच मीटरवर ३२०० असतं. सगळं बंद असताना ती लुकलुकायलाच नको. माझ्या एका कस्टमरकडे मिनिटाला तीनदा लुकलुकत होती. हिशेब केला तर साधारण ५६ वॅट, म्हणजे महिन्याला ४० युनिट, कोणी काही वापरत नसताना. सेटटॉप बॉक्स, वायफाय, टीव्हीचा स्टँडबाय आणि माळ्यावरचा म्हातारा इन्व्हर्टर, ज्याची बॅटरी मेली होती आणि तो बिचारा तिला चार्ज करत बसला होता. कधीकधी बाजूच्याची वायर आपल्या मीटरवर निघते, तेही पाहिलंय. मेन स्विच पाडूनही बत्ती लुकलुकत असेल तर वायरमनला बोलवाच.

दुसरं, बिल समजून घ्या. महावितरणचे दर टप्प्याटप्प्याने चढतात, पहिले १०० युनिट स्वस्त, १०१ ते ३०० ला दर जवळजवळ दुप्पट, ३०० च्या वर अजून जास्त. तुम्ही जे युनिट वाचवता ते कायम वरच्या, महागड्या टप्प्यातलं असतं. स्थिर आकार काही कमी होत नाही, पण युनिट कमी झाले की त्यावरचं वीज शुल्कही कमी होतं. म्हणून मी हिशेबाला युनिटमागे ११ रुपये धरतो.

साधा सीलिंग फॅन ७५ वॅट खातो, बीएलडीसी (ब्रशलेस मोटरचा, कमी वीज खाणारा) पंखा ३० च्या आसपास. तुमच्याकडे तीन पंखे दिवसाला १४ तास चालतात असं धरू, तर पंख्यामागे महिन्याला १९ युनिट वाचले, तिघांचे ५७. सहाशे रुपये झाले ना. पंखा अडीच-तीन हजारांना येतो, दोन वर्षांच्या आत पैसे वसूल. बसवताना एक काळजी, जुना रेग्युलेटर सर्किटमधून काढून टाका, बीएलडीसी पंख्याला तो चालत नाही, गुरगुरतो किंवा मधेच बंद पडतो आणि मग लोक कंपनीला शिव्या घालतात. रिमोट सासूबाईंना जमणार नसेल तर भिंतीवरच्या बटणाने स्पीड बदलणारं मॉडेल मिळतं, ते बघा. एलईडीचं मी सांगत नाही, ते आता सगळ्यांनी केलंय, फक्त जुन्या चोकवाल्या ट्यूब कुठे राहिल्या असतील, किचनमध्ये असतातच एक, ती चोक धरून ५० वॅट खाते आणि तिच्या जागी २० वॅटची एलईडी लख्ख उजेड देते.

गिझर. वरच्या मजल्यावर राहण्याचा एकच फायदा आहे आणि तो म्हणजे सोलर वॉटर हीटर. गच्चीवरून नळापर्यंत पाइप छोटा, त्यामुळे गरम पाणी यायच्या आधी बादल्या ओतायला लागत नाहीत. चार माणसांना १००–१५० लिटर पुरतं. पाणी बोअरचं किंवा टँकरचं असेल तर ट्यूबमध्ये क्षार साचतात, तिथे हीट एक्स्चेंजरवाला (ज्यात वापरायचं पाणी ट्यूबमध्ये जात नाही असा) घ्या, महाग आहे पण दरवर्षी साफ करायची कटकट जाते. सोसायटीची परवानगी आधी घ्या, आणि पुणे महापालिका मिळकत करात सोलरसाठी ५ टक्के सूट देते, वॉर्ड ऑफिसमध्ये चौकशी करा. हे जमत नसेल तर आहे त्या गिझरचा थर्मोस्टॅट ५० वर आणा आणि दोन वर्षांतून एकदा आतला मॅग्नेशियमचा रॉड बदला. ही गोष्ट कोणी सांगत नाही. तो रॉड टाकीच्या वाटणीचा गंज स्वतः खातो, रॉड संपला की क्षार आणि गंज टाकीला धरतात, मग टाकी फुटते आणि आपण नवा गिझर आणतो. चार-पाचशेचं काम आहे. गॅस गिझर मात्र बंद बाथरूममध्ये नको म्हणजे नकोच, त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणूस आत बसल्या बसल्या जातो.

छतावरच्या वीज बनवणाऱ्या सोलरबद्दल विचाराल, केंद्राच्या पीएम सूर्यघर योजनेत एका किलोवॅटला ३० हजार, दोनला ६० आणि तीन किंवा जास्तला ७८ हजार सबसिडी आहे, एक किलोवॅट महिन्याला १००–१२० युनिट देतं आणि त्याला शंभर चौरस फूट बिनसावलीची जागा लागते. बंगला असता तर आजच करा म्हटलं असतं. सोसायटीत गच्ची सगळ्यांची, त्यामुळे एकट्याने भांडण्यापेक्षा लिफ्ट, पंप आणि जिन्याच्या दिव्यांच्या मीटरवर सगळ्यांनी मिळून लावा, सोसायट्यांना त्यासाठी किलोवॅटमागे १८ हजारांची वेगळी सबसिडी आहे.

आता एक काम ज्यात पैसे वाचत नाहीत पण माझ्याकडून काम करून घ्यायचं तर ते मी पहिलं करतो. तुमच्या बिल्डिंगच्या वयावरून सांगतो, मेन बोर्डवर अजून चिनी मातीचे किटकॅट फ्यूज असणार आणि त्यात कोणीतरी जाड तार अडकवली असणार. ते काढून एमसीबी (लोड वाढला की आपोआप पडणारा स्विच) आणि ३० मिलीअँपची आरसीसीबी (करंट गळला की पडणारा स्विच) बसवा. बाथरूममध्ये ओल्या हाताने शॉक बसला तर ती डोळ्याची पापणी लवायच्या आत वीज तोडते. जुन्या वायरिंगमध्ये ती बसवली की सुरुवातीला सारखी पडते, कारण कुठेतरी ओलीमुळे करंट गळत असतो किंवा दोन सर्किटचे न्यूट्रल एकत्र बांधलेले असतात. मग काही वायरमन वैतागून तिला बायपास करून टाकतात आणि तुम्हाला सांगतात झालं काम. तसं करू देऊ नका, दोष शोधायला लावा. महिन्यातून एकदा तिच्यावरचं टेस्टचं बटण दाबा, खटकन पडली पाहिजे. गिझरला अडीच आणि एसीला चार स्क्वेअर एमएमची वेगळी वायर थेट बोर्डापासून हवी, आणि अर्थिंग आहे का ते मीटरने मोजून दाखवायला सांगा, तीन पिनांचं सॉकेट आहे म्हणजे अर्थिंग आहे असं नसतं.

किचनचं राहिलं. मिस्टर रागावतील, पण ओल गेल्याशिवाय प्लायची किंवा पार्टिकल बोर्डची कॅबिनेट लावू नका, सिंकखालची दोन वर्षांत फुगून दार लागायचं बंद होतं. कडप्प्याचे उभे पार्टिशन, त्यात स्टीलच्या ट्रॉल्या आणि ॲल्युमिनियमची दारं, दिसायला साधं पण पाण्याला आणि झुरळांना दाद देत नाही, आणि खर्च बराच कमी. ओटा बदलणारच असाल तर उंची रेडिमेड ३२ इंच घेऊ नका, जो जास्त वेळ उभा राहतो त्याच्या कोपराखाली चार इंच, तेवढी. माझ्या घरी आमच्या आईच्या मापाचा ओटा होता, बायकोची पाठ दहा वर्षं दुखत होती आणि मी लोकांचे ओटे उंच करत फिरत होतो. ओट्याच्या वरच्या फळीखाली एक एलईडी पट्टी आणि खिडकीत ९ इंची एक्झॉस्ट, एवढ्याने स्वयंपाकघर बदलतं.

सासूबाईंसाठी कमोडजवळ आणि शॉवरखाली एकेक धरायचा स्टीलचा दांडा बसवा, पोकळ टाइलवर नाही, मागच्या विटेत खोल अँकर घालून, बसवल्यावर स्वतः लटकून बघा.

पैसे कसे द्यायचे तेही ऐका, कारण यातच लोक फसतात. ३० टक्क्यांच्या वर ॲडव्हान्स देऊ नका, सामान शक्यतो स्वतः आणा किंवा बिल मागा, भिंत बुजवायच्या आधी आतल्या पाइपांचे आणि वायरचे टेप लावून फोटो काढून ठेवा, पुढे खिळा ठोकताना उपयोगी पडतात. आणि वॉटरप्रूफिंगवाल्याचे १० टक्के पहिले दोन मोठे पाऊस होईपर्यंत हातात ठेवायचे. आधीच ठरवून सांगा, जो याला तयार होत नाही त्याला काम देऊ नका, मी स्वतः कस्टमरकडे तेवढे सोडून येतो आणि जुलैत छत्री घेऊन मागायला जातो.